धानाच्या बांधीतलं घर

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की भंडारा, तुमसर, तिरोडा मागे टाकत आपण गोंदियाला पोचतो. पावसाळ्यात हा प्रवास केलात, तर खिडकीची जागा सोडू नका बरं का! दोन्ही बाजूंना धानाच्या हिरव्यागार बांध्या दिसतील. याच मुलखात, उभ्या धानात घर बांधणारा एक पक्षी राहतो. त्याचं नाव सारस.

उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सर्वांत उंच हाच. ताठ उभा राहिला की तुमच्या बाबांच्या खांद्याला खांदा लावेल! अंग राखाडी, डोकं नि मान लालभडक. नर-मादीची जोडी बहुधा जन्मभराची.

पावसाळ्यात दोघं मिळून गवत नि पाणवनस्पतींचा मोठा ढीग पाण्यात रचतात. त्यावर बहुधा दोनच अंडी. ती महिनाभर आळीपाळीने उबवायची. त्यातूनही एखादंच पिल्लू मोठं होतं. मग सांगा, संख्या वाढणार कशी?

महाराष्ट्रात सारस आता जवळजवळ फक्त गोंदिया-भंडारा भागातच उरलेत. किती? पन्नासही नाहीत! तुमच्या एका वर्गात याहून जास्त मुलं असतील. मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव, गाळाने भरले. शेतात कीटकनाशकं आली. उडताना विजेच्या तारांना धडकूनही सारस मेले. म्हणून तर २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून हा प्रश्न हाती घेतला.

सारस संपला तर परत आणता येत नाही का? येतो, पण फार कष्टाने. थायलंडमध्ये रानातले सारस नाहीसेच झाले होते. मग बंदिस्त जागेत पिल्लं वाढवून २०११ पासून ती बुरीराम प्रांतात सोडायला सुरुवात झाली. गंमत पाहा, तिथेही त्यांनी घरटी केली ती भाताच्या शेतातच! म्हणजे तिथेही शेतकऱ्याचीच साथ हवी.

आपल्याकडे गोंदियाच्या 'सेवा' संस्थेचे कार्यकर्ते आणि शेतकरी घरट्यांवर लक्ष ठेवतात. पण घरट्याभोवतीचं थोडं धान वाया जातंच. मोठ्या शेतकऱ्याला ते जाणवणार नाही. ज्याची एकच बांधी आहे, त्याचं काय? सारस आपल्या सगळ्यांचा, मग तोटा त्याने एकट्याने का सोसावा?

आज रात्री ताटात भात वाढला की हा प्रश्न आई-बाबांना विचारा. त्यांचं उत्तर नि तुमचं उत्तर, दोन्ही वहीत लिहून ठेवा. आणि हो, कधी गोंदियाला गेलात तर सारस लांबूनच पाहा. घरट्याजवळ मुळीच जायचं नाही. आपण जवळ गेलो की आई-बाबा अंडी सोडून उठतात, आणि कावळे तेवढ्याचीच वाट पाहत असतात!