अर्धी नोंद हरवू नये

रोवणीच्या दिवसांत साकोली तालुक्यातील सानगडीसारख्या गावांत आया सकाळीच बांधीवर जातात. अंगणवाडी सेविका किंवा आशा कार्यकर्तीला घरभेट त्याआधी, घाईत उरकावी लागते. मूल रडत असते, फोन एका हातात असतो आणि नोंद भरता भरता अंगठा पडद्याच्या खालच्या पट्टीवर पडतो. भरलेली माहिती गेली की राहिली, हे त्या ॲपच्या रचनेवर ठरते.

अँड्रॉइड फोनवर तळाशी साधारणपणे तीन बटणे असतात: मागे जाण्याचे ‘बॅक’, मुख्य पडद्यावर नेणारे ‘होम’ आणि अलीकडे उघडलेली ॲप्स दाखवणारे. ती सारखी दिसली तरी ॲपच्या दृष्टीने सारखी नाहीत. ‘बॅक’ दाबल्याचे ॲपला कळते आणि त्यावर काय करायचे हे ते ठरवू शकते. ‘होम’ मात्र प्रणाली स्वतःच्या ताब्यात ठेवते. यामागे सुरक्षिततेचे कारण आहे. कोणत्याही ॲपमधून बाहेर पडण्याचा हक्क वापरणाऱ्याकडेच राहावा. नाहीतर एखादे लबाड ॲप माणसाला आत अडकवून ठेवील किंवा खोटा मुख्य पडदा दाखवून पासवर्ड काढून घेईल.

‘होम’ दाबल्यावर ॲपला एवढेच कळते, की आपण आता पडद्यावर नाही. त्यानंतर फोनची मेमरी कमी पडली, तर प्रणाली मागे पडलेले ॲप बंद करून टाकते. स्वस्त किंवा जुन्या फोनवर हे अधिक वेळा घडते. २०१९ साली आलेल्या अँड्रॉइड १० पासून तर बटणांऐवजी पडद्याच्या कडेवरून बोट सरकवूनही मागे जाता येते. म्हणजे चुकून मागे जाण्याची आणखी एक वाट झाली.

आरोग्याच्या नोंदीत याची किंमत मोठी आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित मानले जाते; ११.५ ते १२.५ दरम्यान असेल तर मध्यम कुपोषित. ११.४ ही नोंद हरवली आणि संध्याकाळी आठवणीने ‘साडेअकरा’ लिहिली गेली, तर ते मूल कागदावर लाल पट्ट्यातून पिवळ्यात सरकते. त्याचा दंड तेवढाच राहतो, उपचाराची निकड मात्र नोंदीत कमी होते.

राज्याला हा विषय नवा नाही. केंद्र सरकारचे ‘पोषण ट्रॅकर’ ॲप २०२१ मध्ये आले. त्याच वर्षी महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट फोन आणि ॲपमधील इंग्रजी यांविरोधात सरकारी मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. साधन हातात देणे आणि ते वापरण्याजोगे असणे यांतले अंतर तेव्हाच दिसले होते.

यावर ‘बॅक’ बटण अडवणे किंवा ‘खरेच बाहेर पडायचे का?’ असा प्रश्न विचारणे हा अनेकांचा आवडता उपाय आहे. तो अर्धाच आहे. ‘होम’ दाबल्यावर किंवा बॅटरी संपल्यावर तो प्रश्न विचारायला ॲप समोर नसते. खरा उपाय साधा आहे: प्रत्येक रकाना भरताच माहिती फोनमध्ये मसुदा म्हणून जपायची आणि ॲप पुन्हा उघडल्यावर सेविकेला सोडल्या ठिकाणी आणून ठेवायचे. त्यासाठी नेटवर्कचीही गरज नाही.

अर्धवट नोंदी अशाने वरपर्यंत जातील, अशी शंका घेतली जाते. मसुदा आणि पाठवलेली नोंद वेगळ्या ठेवल्या, की ती उरत नाही. फोन घरातल्यांच्याही हातात जात असेल, तर मसुदा ॲपच्या कुलपाआड ठेवावा. तो कामाचा भाग झाला.

एखादे ॲप गावागावांत पाठवण्याआधी एक चाचणी सक्तीची असावी. नोंद अर्धी भरायची, ‘होम’ दाबायचे, कॅमेरा उघडायचा, एक फोन घ्यायचा आणि परत यायचे. आकडा जागेवर नसेल, तर ते ॲप तयार नाही. ही चाचणी कार्यालयातल्या महागड्या फोनवर करून भागणार नाही. सेविकेला जो फोन मिळणार आहे, त्याच फोनवर व्हायला हवी. नोंद करणारीचे बोट चुकेल, हे गृहीत धरूनच यंत्र बनवायचे असते. त्याचा भुर्दंड बाळाला पडता कामा नये.