नंबर द्या, मगच कटऑफ बघा!

सीईटीचा निकाल लागला की घरोघरी एकच सर्च सुरू होतो, 'एवढ्या पर्सेंटाइलला कुठलं कॉलेज मिळेल?' समोर एखादा 'फ्री कॉलेज प्रेडिक्टर' येतो. पर्सेंटाइल टाका, कॅटेगरी निवडा, शाखा निवडा, शहर निवडा. सगळं भरून झालं की मग स्क्रीनवर येतं, 'रिझल्ट पाहण्यासाठी मोबाइल नंबर टाका'. आपण टाकतो. संध्याकाळपर्यंत 'काउन्सेलर'चे फोन सुरू!

अशा पानाला मार्केटिंगच्या भाषेत 'लँडिंग पेज' म्हणतात आणि आपल्याला म्हणतात 'लीड'. हे पान बनवण्यामागे पक्का हिशेब असतो. वर मेन्यू नसतो, दुसरीकडे जायला लिंक नसते. एक फॉर्म आणि एक ठळक बटण, बस्स. नंबर शेवटी का मागतात? चार उत्तरं देऊन झाल्यावर मागे फिरणं जिवावर येतं म्हणून. ओटीपी कशाला? नंबर खरा आहे की नाही ते कळावं म्हणून. खऱ्या नंबरालाच भाव असतो. आणि आपण भरलेली शाखा, शहर, बजेट ही माहिती नंबरासोबत जाते, त्यामुळे फोन करणाऱ्याला आपली गरज आधीच ठाऊक असते.

माहितीच्या बदल्यात सेवा, हा सौदा मुळात वाईट नाही. डेमो लेक्चर हवं असेल तर नंबर द्यावाच लागेल. प्रश्न आहे तो लपवाछपवीचा. मागच्या वर्षांचे कॅप राउंडचे कटऑफ सीईटी सेलच्या साइटवर फुकट मिळतात, जोसाचे क्लोजिंग रँकही तसेच. तेच आकडे इथे नंबराच्या कुलपात ठेवलेले असतात. खाली बारीक अक्षरांत, आधीच टिक केलेलं एक वाक्य असतं: डीएनडी असलं तरी आम्ही आणि आमचे 'पार्टनर' संपर्क करू. म्हणजे नको असलेले कॉल रोखायला लावलेलं डीएनडी आपणच आपल्या हाताने निकामी करतो.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये १३ 'डार्क पॅटर्न'ना मनाई केली. 'फक्त ५ जागा शिल्लक' अशी खोटी घाई, गरज नसताना माहिती द्यायला भाग पाडणं, 'नको, मला करिअरची पर्वा नाही' असं लाजवणारं बटण, हे सगळं त्यात येतं. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मोकळेपणाने, नेमक्या कारणासाठी आणि स्वतःच्या कृतीतून दिलेली हवी. आधीच केलेली टिक त्यात बसत नाही. दिलेली संमती मागे घेणंही ती देण्याइतकंच सोपं हवं. संमतीची सूचना मराठीतून वाचण्याचा पर्यायही द्यावा लागेल. काही अपवाद वगळता १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागेल. बारावीचे कितीतरी जण तेव्हा १७ चेच असतात! दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो.

पण नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संमतीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. म्हणजे मधल्या प्रवेशाच्या हंगामात आपला बचाव बऱ्याच अंशी आपल्याच हाती.

त्यासाठी दोन-तीन गोष्टी पुरेशा आहेत. आधी सरकारी साइट बघा. टिक काढून टाका आणि फॉर्म तरीही पुढे जातो का ते तपासा. 'पार्टनर' कोण हे लिहिलेलं नसेल तर पान बंद करा. फोन आलाच तर 'माझा नंबर कुठून मिळाला?' हे विचारा. नको असलेल्या कॉलची तक्रार १९०९ वर करता येते.

आणखी एक मुद्दा आहे. मीडिया, डिझाइन, आयटी शिकणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना पहिल्या इंटर्नशिपमध्ये हीच पानं बनवायचं काम मिळणार आहे. 'लीड वाढव' असं बॉस म्हणेल. तेव्हा कटऑफ आधी दाखवून, कोण फोन करणार ते स्पष्ट लिहून, टिकचा चौकोन रिकामा ठेवूनही नंबर मागता येतो. नंबर कमी येतील हे खरं. पण जे येतील, ते फोन उचलतील.