फाशीचा जमाखर्च

एखाद्या अमानुष गुन्ह्याची बातमी आली की कचेरीत, शिक्षकांच्या खोलीत, लोकलच्या डब्यात एक प्रश्न हमखास ऐकू येतो : अशा नराधमाला आमच्या कराच्या पैशातून जन्मभर पोसायचे कशाला? द्या फाशी आणि व्हा मोकळे! देहदंड नीतीला धरून आहे की नाही, हा जुना वाद तूर्त बाजूला ठेवू. प्रश्न खर्चाचा काढला आहे, तर तो खर्चाच्याच वहीत तपासून पाहण्यास हरकत नसावी.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने ही वही उघडून पाहिली आहे. तेथील एक संघीय न्यायाधीश व कायद्याच्या एक प्राध्यापिका यांनी २०११ साली मांडलेल्या हिशेबानुसार, १९७८ पासून देहदंडाच्या व्यवस्थेवर सुमारे ४०० कोटी डॉलर खर्च झाले आणि प्रत्यक्षात शिक्षा अमलात आली ती अवघ्या १३ जणांची. म्हणजे माणशी ३० कोटी डॉलरहून अधिक! राज्यानेच नेमलेल्या एका आयोगाने २००८ मध्ये सांगितले होते की, ही व्यवस्था वर्षाला सुमारे १३ कोटी ७० लाख डॉलर खाते; जन्मठेप हीच कमाल शिक्षा ठेवल्यास तेच काम १ कोटी १५ लाखांत भागेल.

हा पैसा विषाच्या सुईवर खर्च होत नाही. तेथे खटलाच दोनदा चालतो. आधी दोष ठरवण्यासाठी, मग शिक्षा ठरवण्यासाठी. ज्यूरी निवडण्यातच आठवडे जातात. आरोपीला अनुभवी वकील आणि तज्ज्ञ द्यावे लागतात, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे अपील आपोआप जाते, त्यानंतर संघीय न्यायालये. यात दशके लोटतात आणि तोवर कैदी पोसावा लागतोच. तरीही २०१२ च्या सार्वमतात ५२ टक्के मतदारांनी देहदंड राखला. वहीतील आकड्यांनी मन फिरत नाही, हेही खरेच. पुढे २०१९ मध्ये गव्हर्नरांनी शिक्षांच्या अंमलबजावणीस स्थगिती दिली.

आपल्याकडेही उच्च न्यायालयाची मंजुरी, सर्वोच्च न्यायालय, फेरविचार, दयेचा अर्ज या पायऱ्या आहेतच. मग आपली फाशी स्वस्त का वाटते? कारण ज्या बाजूवर तेथे पैसा ओतला जातो, त्या बचावाच्या बाजूवर आपण हात आखडता घेतो. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात फाशी सुनावलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल आढळले. अशा आरोपीला मिळतो तो बहुधा तुटपुंज्या मानधनावरचा वकील. ही काटकसर खरी. पण ती कोणाच्या मानेवर?

महाराष्ट्रातलेच एक प्रकरण पाहा. २००३ सालच्या एका भीषण गुन्ह्यासाठी भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांवर खटला झाला. उच्च न्यायालयाने त्यांपैकी तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच दिली. पुढे फेरविचार झाला आणि मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवले. प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश महाराष्ट्र शासनाला झाला.

२००९ मध्येच दोर ओढला गेला असता, तर हे ३० लाख रुपयेही वाचले असते.