अडचणीपुरती दिलेली दीक्षा

१९४४ च्या जानेवारीत हाँगकाँगचे अँग्लिकन बिशप रोनाल्ड हॉल यांनी फ्लोरेन्स ली टिम-ओई यांना धर्मगुरुपदाची दीक्षा दिली. अँग्लिकन परंपरेत हे पद मिळालेली ही पहिली स्त्री. हाँगकाँग जपान्यांच्या ताब्यात गेले होते, पोर्तुगीजांचे मकाव निर्वासितांनी भरले होते आणि प्रभुभोजनाचा विधी चालवायला तिथे धर्मगुरू पोचू शकत नव्हता. डीकन असलेल्या ली तिथली मंडळी आधीपासूनच सांभाळत होत्या. हॉल यांनी वरिष्ठांना कारण कळवले तेही सरळ होते: स्त्री-पुरुष समतेचा सिद्धांत मला मांडायचा नाही, माझ्या लोकांची गरज भागवायची आहे.

पुढचे सगळे या कारणातूनच घडले. युद्ध संपले, गरज संपली. वरून दबाव आला आणि १९४६ साली ली यांनी धर्मगुरू म्हणून काम करण्याचा परवाना परत केला. दीक्षा मात्र त्यांनी सोडली नाही. हाँगकाँगने ती पुन्हा मानायला १९७१ उजाडले.

स्त्रियांच्या सेवेचा वाद आपल्याकडे वचनांचा वाद म्हणून रंगतो. एकाने तीमथ्याचे पहिले पत्र काढायचे, दुसऱ्याने गलतीकरांचे. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात अकराव्या अध्यायात स्त्रिया प्रार्थना करतात, संदेश देतात, हे पौल गृहीतच धरतो. चौदाव्यात त्यांना गप्प राहायला सांगतो. या दोन जागांचा मेळ ज्याला चटकन बसतो, त्याने ते पत्र घाईने वाचले असावे. तरी वचनांवरची भांडणे निदान चारचौघांत होतात. सोयीने दिलेला अधिकार गुपचूप काढून घेता येतो, आणि धोका तिथे जास्त आहे.

बाईचे काम दुसऱ्याच्या परवानगीवर अडते, हा अनुभव पंडिता रमाबाईंना फार आधी आला. १८८३ साली बाप्तिस्मा घेऊन त्या इंग्लंडात चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात होत्या. तिथे त्यांनी पुरुषांनाही शिकवावे, असा विषय निघताच भारतातल्या बिशपांकडून हरकत आली. माझ्या वडिलांनी आणि नवऱ्याने कधी आडकाठी केली नाही, मग हे इंग्रज का करतात, असे त्यांनी पत्रातून विचारले. (ज्यांना ‘सुधारलेले’ म्हणायची तेव्हा रीत होती, त्यांनाच हा प्रश्न होता.) पुढे केडगावला त्यांनी शेकडो स्त्रियांचा संसार आणि उपासना दोन्ही चालवले, मूळ भाषांवरून अख्खे बायबल मराठीत आणले. संस्था त्यांचीच असल्याने कोणाच्या परवान्यावाचून अडले नाही. सगळ्याच बाया काही संस्था काढू शकत नाहीत.

कॅथलिक चर्चची भूमिका मला पटत नाही, पण ती डळमळीत नाही. ख्रिस्ताने बारा पुरुष निवडले, म्हणून स्त्रीला गुरुदीक्षा देण्याचा अधिकारच चर्चला नाही, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९४ मध्ये जाहीर केले. मात्र दीक्षेला कारभार बांधलाच पाहिजे असे नाही, हे त्याच चर्चने दाखवले: २०२५ च्या जानेवारीत सिमोना ब्राम्बिला ही धर्मभगिनी व्हॅटिकनच्या एका मोठ्या खात्याची प्रमुख झाली. ज्या मंडळ्या स्त्रियांना दीक्षा देत नाहीत, त्यांनी निदान पैशाचे, नेमणुकीचे आणि तक्रारींचे निर्णय कोण घेते, हे तपासावे. रविवारची शाळा, आजाऱ्यांच्या घरच्या प्रार्थना, महिला मंडळ, गायन सगळे बायकांकडे आणि कमिटीत मात्र एखादीच बाई, अशी व्यवस्था असेल तर तिचा दोष पौलावर ढकलता येणार नाही.

दीक्षा देणाऱ्यांनाही सावध करावेसे वाटते. दक्षिण भारत मंडळीत २०१३ मध्ये एगोनी पुष्पललिता नंद्यालच्या बिशप झाल्या. अशा बातमीने आपले काम झाले, असे वाटू लागते. मग एखाद्या गावी पाळक मिळेना की बैठकीत सूर निघतो: बाईंनाच देऊन टाका, तेवढीच सोय होईल. ठरावात ‘पाळक उपलब्ध नसल्याने’ हे शब्द जसेच्या तसे उतरतात. उद्या कोणी पुरुष पाळक आला की त्याच शब्दांवर बोट ठेवून तिला बाजूला करता येते. असा ठराव मताला आला तर आधी ती ओळ खोडायला लावावी, आणि तिच्या जागी त्या बाईंना का नेमले ते लिहून घ्यावे.