रखवालदारच घर पेटवतो तेव्हा

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राची धुरांडी ज्याच्या अंगणातून दिसतात, अशा माझ्या एका मित्राला पन्नाशीच्या आतच हृदयविकाराचा झटका आला. कोलेस्टेरॉल प्रमाणात, तेलतूपही बेताचे. ‘मग माझं चुकलं तरी काय?’ त्याने विचारले. माझ्यापाशी उत्तर नव्हते.

नळात गाळ साचावा तशी धमनीत चरबी साचते, अशीच आपली समजूत. पण धमनी हा नळ नव्हे. ती जिवंत आहे. धमनीकाठिण्याच्या मुळाशी दाह आहे, असे रुडॉल्फ विर्शो यांनी १८५६ मध्येच मांडले होते. पुढे १९१३ मध्ये अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल चारून रोग निर्माण केला आणि सारे लक्ष चरबीकडे गेले. १९९९ मध्ये रसेल रॉस यांनी पुन्हा ठामपणे सांगितले: हा दाहाचाच रोग आहे.

घडते ते असे. कोलेस्टेरॉलचे कण धमनीच्या अस्तराखाली अडकतात. त्यांचा निकाल लावायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावतात, चरबी गिळून फुगतात आणि तिथेच मरतात. दाह वाढतो, गाठीवरचे आवरण फाटते, रक्त गोठते. रखवालदारच घर पेटवतो!

२०१७ मध्ये दहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत कोलेस्टेरॉलला हात न लावता केवळ दाह कमी केला, तर हृदयविकाराचे प्रसंग सुमारे १५ टक्क्यांनी घटले. पण औषध महाग, आणि जीवघेणे संसर्गही थोडे वाढले. मग नजर गेली स्वस्त कोल्चिसिनकडे. आपल्या रानात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतही ते असते. २०२० च्या चाचणीत त्याने चांगला गुण दिला. २०२४ मध्ये झटक्यानंतर लगेच दिले, तेव्हा फायदा दिसला नाही. कळलावी जहरी आहे; घरगुती प्रयोग कोणी करू नयेत.

कोलेस्टेरॉल निर्दोष सुटले, असा याचा अर्थ नव्हे. पण विडी, मधुमेह आणि कोळसा वा डिझेल जळताना उठणारे सूक्ष्म कणही दाह भडकवतात. मित्राच्या धमनीत धुराचा वाटा किती, हे सांगता येणार नाही. म्हणूनच कोळशावर वीज बनवणाऱ्या गावांत हवेची आणि हृदयरुग्णांची नोंद शेजारी शेजारी ठेवली पाहिजे. ज्यांच्या अंगणातून राज्याला उजेड गेला, त्यांच्या प्रश्नाचे एवढे तरी देणे आपण लागतो.