अर्ज एक नव्हे, तीन

वैध स्थलांतर-दर्जा नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेत शिकता येते, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली ‘प्लायलर विरुद्ध डो’ खटल्यात ठरवले. त्या निकालाची सावली बारावीपर्यंतच पुरते. पुढे पेल ग्रँट, केंद्राचे शैक्षणिक कर्ज, वर्क-स्टडी यांपैकी काहीही या विद्यार्थ्यांना मिळत नाही. राज्यांना मात्र 1996 च्या केंद्रीय कायद्याने एक वाट मोकळी ठेवली: स्वतंत्र कायदा करून राज्य आपल्या तिजोरीतून मदत देऊ शकते.

कॅलिफोर्नियाने ती वाट टप्प्याटप्प्याने रुंद केली. 2001 च्या एबी 540 कायद्याने पात्र विद्यार्थ्यांना परराज्यातल्यांसाठीचे जादा शुल्क माफ झाले; युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात ते आज वर्षाला 30 हजार डॉलरहून अधिक आहे. 2011 च्या ‘ड्रीम ॲक्ट’ने राज्याची आर्थिक मदतही खुली केली. कॅल ग्रँट, मिडल क्लास स्कॉलरशिप, कम्युनिटी कॉलेजातील शुल्कमाफी हे सारे त्यात येते. पात्रतेचा गाभा म्हणजे कॅलिफोर्नियात तीन वर्षांचे शिक्षण आणि शालान्त पदविका किंवा तिच्या तोडीचे प्रमाणपत्र. 2017 च्या दुरुस्तीनंतर प्रौढ शाळेतील आणि कम्युनिटी कॉलेजातील शिक्षणही या तीन वर्षांत धरले जाते.

शाळेतल्या समुपदेशकाची खरी कसोटी कागदोपत्री कामात लागते. ‘अर्ज भरला’ असे विद्यार्थी सांगतो तेव्हा बहुधा तीनपैकी एकच गोष्ट झालेली असते. पहिली म्हणजे राज्याच्या स्टुडंट एड कमिशनकडे करायचा ड्रीम ॲक्टचा अर्ज. त्यासाठी सोशल सिक्युरिटी क्रमांक लागत नाही. केंद्राचा फाफ्सा हा अर्ज वेगळा, आणि दर्जा नसलेल्या विद्यार्थ्याने तो भरायचा नसतो. दुसरी म्हणजे कॅल ग्रँटसाठी शाळेने कळवलेला जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी. तिसरी, एबी 540 चे प्रतिज्ञापत्र. ते महाविद्यालयाकडे पोहोचावे लागते. दर्जा मिळवण्याची संधी येताच त्यासाठी अर्ज करू, अशी हमी दर्जा नसलेला विद्यार्थी त्यात देतो.

सर्वाधिक नुकसान दुसऱ्या पायरीवर होते. सोशल सिक्युरिटी क्रमांक नसल्याने अर्ज आणि जीपीए यांची सांगड नाव व जन्मतारखेवरून घातली जाते. शाळेच्या दप्तरी दोन आडनावे आणि अर्जात एकच, एवढ्या फरकाने जुळणी अडते, आणि पात्र विद्यार्थ्याची कॅल ग्रँट हातची जाते. मुदतही सहसा 2 मार्चची. काही वर्षी ती पुढे ढकलली गेली, पण त्या भरवशावर राहणे धोक्याचे. म्हणून अर्ज पाठवण्याआधी शाळेची नोंद समोर ठेवून नावातले अक्षर न् अक्षर ताडून पाहणे, हे समुपदेशकाचे सर्वांत मोलाचे काम.

त्याहून अवघड असते ती भीती. घरचा पत्ता, आईवडिलांचे उत्पन्न सरकारी अर्जात लिहायचे म्हणजे संकटाला निमंत्रण, असे कुटुंबाला वाटते, आणि ते वाटणे अवाजवी नाही. हा अर्ज केंद्राच्या शिक्षण खात्याकडे नव्हे, राज्याच्या कमिशनकडे जातो, एवढे ठामपणे सांगता येते. त्यापलीकडची हमी समुपदेशकाने देऊ नये, स्थलांतर-वकिलाचे नाव द्यावे. विद्यार्थ्याला दर्जा विचारूही नये. फाफ्सा आणि ड्रीम ॲक्ट या दोन्ही अर्जांची माहिती सगळ्या वर्गाला एकत्र दिली की कोणालाही हात वर करावा लागत नाही.

हे कायदे अढळ नाहीत. टेक्सासनेही 2001 मध्येच अशी शुल्कसवलत दिली होती. 4 जून 2025 रोजी केंद्राने तिच्याविरुद्ध दावा लावला, राज्याने विरोध केला नाही, आणि त्याच दिवशी न्यायालयाच्या आदेशाने ती थांबली.

मराठी घरांशीही हा विषय येऊन भिडतो. एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या पालकांच्या मुलांचा एच-4 हा आश्रित दर्जा वयाच्या 21व्या वर्षी संपतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षे गेलेल्या कुटुंबातील मुलाने तोवर दुसरा व्हिसा मिळवला नाही, तर त्याचे पुढचे वास्तव्यही बेकायदा ठरते. अशा घरांशी ही चर्चा विसाव्या वर्षी नव्हे, शाळेतच व्हायला हवी.