टायमिंग विचारणाऱ्यांनो, जरा थांबा

सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या आदल्या रात्री माझा डोळाच लागला नाही. भीती २१ किलोमीटरची नव्हती, ग्रुपवर टायमिंग टाकायची होती. सकाळी त्याच धडधडीत सुसाट सुटलो आणि यवतेश्वरचा घाट अर्धा व्हायच्या आत पाय संपले. जागरणाला दोष नको राव, एका रात्रीनं महिन्यांचा सराव वाया जात नाही. घाईनं घात केला. शेजारचा एकजण तर अंगात ताप घेऊन पळत होता. म्हणे, "नाव दिलंय, लोक काय म्हणतील?" तापात घाट चढणं म्हणजे थेट हृदयाशी खेळ! आपल्याकडं हौशी धावणाऱ्याला पहिला प्रश्न टायमिंगचाच. मंडळी, यंदा नुसतं "कसं वाटलं?" विचारा. आणि ताप आला म्हणून जो घरी थांबला, त्यालाही चहाला बोलवा.